ब्रेक लागला की मुशीचा वास

आमच्या गावात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून इंजिनिअर झाल्यावर मी रत्नागिरीत गॅरेज टाकलं, तेव्हा पाटीवर गॅरेजच्या नावापेक्षा ‘बी.ई. मेकॅनिकल’ ही अक्षरं मोठी काढून घेतली. पेंटर म्हणाला, "दवाखाना वाटेल." म्हटलं, वाटू दे. वडील लांज्याकडच्या आमच्या गावाहून एकदा तांदूळ घेऊन आले. पाटी वाचली, माझे हात बघितले आणि म्हणाले, "एवढं शिकलास नि हात माझ्यापेक्षा काळे." पण जाताना पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. मला तेवढं पुरलं.

गॅरेज मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. रिक्षा, जीप, मासळीचे टेम्पो, असलीच गिऱ्हाइकं. त्यामुळे एका सकाळी लाल रंगाची, दोन दारांची, पोट जमिनीला लागेल इतकी बसकी जपानी गाडी दारात येऊन गुरगुरली, तेव्हा समोरच्या बर्फाच्या कारखान्यातली माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. गाडी शर्यतीच्या जातीची. मुंबईच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली. मालक कुवेतला कामाला, घर इथलंच, खाडीकाठचं. मागच्या रजेत तो ती मुंबईहून चालवत घेऊन आला आणि लगेच त्याला परत जावं लागलं. वर्षभर गाडी घरी उभी होती.

"इंजिनेर," तो म्हणाला, "गाडी दाखवायला नाय आणली. माझ्या अम्माला हिच्यात बसवायची आहे. जमेल?"

त्याचं म्हणणं साधं होतं. अम्माचं माहेर आरे-वारेच्या पलीकडे. तिची मोठी बहीण तिथे असते. आयुष्यभर अम्मा माहेरी एसटीनं गेली, मांडीवर पिशवी आणि खिडकीत ओकणारं कुणाचं तरी पोर. मुलानं कुवेतच्या उन्हात एकच ठरवलं होतं, की एकदा तिला आपल्या गाडीतून बहिणीच्या दारात उतरवायचं. या रजेत पहिल्याच दिवशी तिला बाजूला बसवलं, गल्लीच्या तोंडाशी ब्रेक मारला, आणि गाडीनं डावीकडे अशी झेप घेतली की कडेच्या कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा अम्माच्या खिडकीला लागायचाच बाकी राहिला. अम्मा तिथेच उतरली. "ही गाडी मना गडग्यावर घालायला बघते. मी एसटीनं जाते, तू ये मागून हिला घेऊन." रजा संपत आली होती. अम्मा एकदा नाही म्हणाली की तिचं हो होत नसे, हे तो दोनदा सांगून गेला.

ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, ही तक्रार तशी नेहमीची. बहुतेकजण ज्या बाजूला ओढते तिकडचं चाक खोलतात आणि तिथेच डोकं घालून बसतात. पण गाडी डावीकडे जाते याचे अर्थ दोन होतात. डावा ब्रेक जास्त धरतो, किंवा उजवा धरतच नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, पण शंका घ्यायला कॉलेजनंच शिकवलं, हे मी अजूनही अभिमानानं सांगतो.

मी एकेक गोष्ट बाद करत गेलो. पुढचे टायर डावे-उजवे बदलले. गाडी तरीही डावीकडेच. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली. फरक शून्य. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटा घेणारा भाग, दोन्हीकडचे मोकळे हलत होते. मग बंदराच्या चढ-उतारावर दोन फेऱ्या मारून आलो आणि चाकांमागच्या डिस्कवर पाण्याचे थेंब टाकले. डावीकडे चर्र आवाज झाला आणि वाफ निघाली. उजवीकडे थेंब आरामात ओघळला.

"बघा भाई," मी म्हटलं. "सगळं काम डावीच करते. उजवी नुसती हजेरी लावते."

"आमच्या घरात पण असंच आहे," तो म्हणाला. "उजवी कोण ते विचारू नका."

आता प्रश्न उरला, उजवी का काम करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहराच्या वरच्या सड्यावर गेलो. काळा कातळ, सरळ रस्ता, वर्दळ नाही. त्यानं गाडी पळवली, मी शेजारी बसून स्टीअरिंगकडे डोळे लावले. पाचसहा वेळा जोरात ब्रेक मारून थांबलो. थांबल्यावर मी खाली उतरलो आणि मला माशाचा वास आला.

बंदरावर हा वास आम्हाला कधी येतच नसे. तो चहात असतो, कपड्यांत असतो, नोटांना असतो. म्हणून आदल्या दिवशीही आला असेल तर कळला नाही. पण इथे सड्यावर सकाळचा मतलई वारा सुटला होता, डोंगराकडून समुद्राकडे जाणारा. बंदर वाऱ्याच्या पुढे, आम्ही मागे. हा वास बंदराचा नव्हता.

"भाई, डिकीत मासळी आहे काय?"

"काय बोलता! ह्या गाडीत मी शेंगदाणे खाऊ देत नाय कुणाला."

मी गुडघ्यावर बसलो आणि कुत्र्यासारखा चाकामागून चाक हुंगत गेलो. डावीकडे नुसता जळका वास. उजवीकडे पुढच्या चाकाला नाक लावलं आणि ठसका लागला. तव्यावर मुशी, म्हणजे लहान शार्क, करपल्यासारखा. मागच्या उजव्या चाकालाही तोच.

गॅरेजात येऊन उजवं चाक खोललं. ब्रेक पॅड काढून हातात घेतला. खरखरीत असायला हवा, तो गुळगुळीत, काळा, चकाकणारा. तेल प्यायलेला. ब्रेक ऑइल गळलं असतं तर त्याचा वास वेगळा, शिवाय टाकीत ते भरलेलं होतं.

मालकाचं डोकं फिरलं. "त्या मुंबईवाल्यानं फसवलं! नदीत घालून काढली असेल गाडी. आता लावतो फोन." आणि फोन उचललाच.

"थांबा," मी म्हटलं. "आधी मला सांगा, गाडी घरी उभी कुठे असते?"

आम्ही त्याच्या घरी गेलो. घराच्या बाजूला पत्र्याची शेड. गाडीची डावी बाजू अगदी भिंतीला लावलेली, उजवीकडे माणूस उतरण्याइतकी जागा. कोपऱ्यात जुनं जाळं, वल्हं, आणि झाकण घट्ट बसवलेला एक डबा. मी डबा उघडला. उघडायची खरं तर गरज नव्हती.

अम्मा दारात उभीच होती. "काय बघतोस रे, तेल आहे ते. ह्याच्या बापाच्या होडीचं."

त्या भागातल्या लाकडी होड्या पावसाआधी वर ओढल्या की त्यांना मुशीच्या यकृताचं तेल पाजतात. खाऱ्या हवेत लाकूड टिकतं. होडी गेली, तिचा मालक गेला, डबा राहिला होता.

"चाची, हे तेल गाडीला लावलंत?"

"मग कोण लावणार? हा तिकडून फोन करतो, 'अम्मा, गाडीला गंज येऊ देऊ नको.' अम्मा कशी आहे ते मागाहून. पाऊस लागायच्या आधी बघितलं तर चाकांच्या आतली ती लोखंडाची ताटं लाल झालेली. काठीला फडकं बांधलं नि चांगलं चोळलं. पावसात पण दोनदा लावलं." मग तिनं भिंतीकडे बोट केलं. "तिकडच्या दोन चाकांना माझा हात पोचत नाय. तीच राहिली. म्हणून ओढते ना ती तिकडे? मी म्हटलं होतं, तिकडे तेल लागलं नाय!"

मालक माझ्याकडे बघायला लागला, मी डब्याकडे. तिचं निदान निम्मं बरोबर होतं, हे मला मान्यच करावं लागलं. दोन्ही बाजूंत फरक पडला होता आणि तो तेलाचाच होता. फक्त दोष उलट्या बाजूला. मी तिला समजावलं, की ती ताटं पकडून गाडी थांबते, तेल लागलं की पकड सुटते. तेल लागलेली बाजू घसरली, गंजकी बाजू चावली.

अम्मानं डब्याजवळचं ते फडकं उचलून बघितलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "म्हणजे मना गडग्यावर मीच घालत होते."

मुलगा हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. त्यानं हातातला फोन खिशात टाकला आणि तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "चुकी माझी. गाडीला गंज येऊ देऊ नको म्हणालो, कुठे लावू नको ते बोललो नाय."

चारही चाकांचे नवे पॅड मुंबईहून रात्रीच्या बसनं मागवले. डिस्क पेट्रोलनं धुतल्या, साबणानं धुतल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, तरी तो वास माझ्या बोटांना आठवडाभर राहिला. सड्यावर नेऊन नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसेपर्यंत गाडी पळव-थांबव केली. शेवटी त्यानं दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली. मी म्हटलं, "आता अम्माला घ्या."

अम्मानं एक अट घातली, इंजिनेरनं मागे बसायचं. त्या जातीच्या गाडीला मागची सीट नावालाच असते. मी गुडघे हनुवटीला लावून बसलो, मांडीवर अम्माची पिशवी. म्हणजे एसटीतली तिची जागा मला मिळाली.

आरे-वारेच्या उतारावर वळणापलीकडे म्हैस आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला. अम्मानं दाराची मूठ पकडली आणि डोळे डावीकडे, गडग्यावर. गडगा होता तिथेच राहिला. गाडी म्हशीच्या पुढ्यात सरळ उभी राहिली. म्हशीनं बोनेटकडे बघितलं, अम्मानं म्हशीकडे. मग तिनं मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला. "हॉर्न वाजव रे. माझी बहीण वाट बघत असेल."

बहीण अंगणातच होती, हातात सांदणांची ताटली. आधी गाडीभोवती फिरून आली, मग माझ्याकडे वळली. "हा कोण?"

"इंजिनेर," अम्मा म्हणाली. "शिकलेला आहे. गाडीच्या ब्रेकात तेल गेलं होतं, ह्यानं वासावरनं काढलं."

"ब्रेकात तेल गेलं कसं?"

मुलगा एकदम चाक तपासायला वाकला. अम्मानं माझ्याकडे बघितलं.

"इथली हवाच तशी," ती म्हणाली. माझ्या तोंडात बहिणीनं नुकतंच सांदण कोंबलेलं होतं, आणि मी ते फार सावकाश चावलं.