एका वेळी एकच फुली

माझा काका माझ्या काकूला मारायचा.

काकू आज सकाळी गेली, आणि फॅमिली ग्रुपवर सगळे लिहीत आहेत, "शांत होती, सोशिक होती, कधी आवाज चढवला नाही." वाचून डोकं फिरलं. म्हणून इथे लिहिते आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

काका दारू प्यायचा नाही. लोक हेच पहिलं विचारतात म्हणून सांगते. पूर्ण शुद्धीत मारायचा.

सकाळची ए शिफ्ट करून तीनच्या सुमारास प्लांटमधून यायचा, स्कूटर उभी करायचा. दार उघडायला जरा उशीर झाला की आत आल्या आल्या लाथ. काकूला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. "जन्मापासून आहे," असं आम्हा मुलांना सांगितलं होतं. जन्मापासून वगैरे काही नव्हतं.

मी आठवीत होते. शाळेत मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचचा पोपट करून द्यायचा होता. काकूचा त्यात हातखंडा. आमच्या कॅम्प-1 वस्तीतल्या कितीतरी घरांत तिनं भरलेल्या फ्रेमा होत्या. म्हणून सुट्टीच्या दुपारी मी तिच्याकडे जायचे. अडीच वाजले की ती मला घरी पिटाळायची.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं.

मॅडमनी शिकवलं होतं, आधी ओळभर एका बाजूचे तिरके टाके घालत जायचं, मग परत येताना उलटे टाके घालून सगळ्या फुल्या पुऱ्या करायच्या. लवकर होतं, मागची बाजू साफ राहते. काकू मात्र एक फुली पूर्ण करायची, मग शेजारची.

"काकू, किती स्लो! पुरी लाइन कर न."

"नाई बाई. मधातच उठा लागलं त सारी लाइन अर्धी राहते. एक झाली की एक झाली."

"पण मधात उठतेच काहून तू?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं.

सबमिशनच्या आदल्या दिवशी माझा पोपट अर्धाच होता. मी हट्टाला पेटले. "आज माझ्या पद्धतीनं कर. प्लीज. नाहीतर होणारच नाही."

तिनं हसून सुई हातात घेतली. जमलं तिला. मजाही आली. अडीच कधी वाजून गेले, दोघींनाही कळलं नाही.

बाहेर स्कूटर थांबली. काकू उठायला लागली आणि मी तिचा हात धरला.

"थांब न, एवढी लाइन पुरी कर."

ती थांबली. सात-आठ फुल्या असतील.

तेवढ्या फुल्यांचा उशीर झाला. दार उघडताच त्यानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. एकदा नाही. मग भरतकामाची लाकडी रिंग उचलून तोंडावर मारली. रिंग तुटली, ओठ फाटला. ती खाली पडली तर पोटात लाथा. मी मधे गेले तर माझी वेणी ओढून मला मोरीत फेकलं.

"तू कोन मधात येनारी?"

माझं डोकं नळावर आपटलं. तो परत माझ्यावर हात उगारत होता.

आणि काकू उठली. धागे कापायची छोटी कैची तिच्या मुठीत होती. त्या उगारलेल्या हाताच्या तळव्यात तिनं ती खुपसली. पार आत. आणि फिरवली.

"पोरीवर हात उचलला त आता गळ्यात घालीन."

ओरडून नाही. साध्या आवाजात म्हणाली. फरशीवर रक्त कुणाचं किती, कळत नव्हतं.

रविवारी घरातले मोठे बसले. आमच्याकडे अशा गोष्टींचा निकाल सतरंजीवर बसून, चहा पिऊन लागतो. काकू दाराशी उभी. काका म्हणाला, "पोरीले हातबी नाई लावला म्या. हे बाई पागल झाली."

माझ्या बाबांनी मला विचारलं, "काकानं तुले मारलं का?"

सकाळीच आईनं बजावलं होतं, "घरची इज्जत आहे, काई बोलू नको."

मी म्हटलं, "नाई."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिला पागल ठरवून भंडाऱ्याकडे माहेरी धाडलं. आठ महिन्यांनी परत आणलं, कारण घरात रांधायला कुणी नव्हतं. त्यानंतर काकाचा हात तिच्यावर कधीच उठला नाही.

ती आल्यावर मी चोरासारखी भेटायला गेले. तीन वाजत आले होते. ती भरत बसली होती, ओळभर तिरके टाके घालत. स्कूटरचा आवाज आला. तिनं मान वर केली नाही. ओळ संपवली, परत फिरून सगळ्या फुल्या पुऱ्या केल्या, आणि मग दार उघडायला उठली.

माफी मागायला मला इतकी वर्षं लागली की लाज वाटते. मागच्या महिन्यात दवाखान्यात मागितली. वाटलं होतं, "लहान होती तू, जाऊ दे," असं म्हणेल.

ती म्हणाली, "मले वाटत होतं तू बोलशीन. बोलली असती त बहुत बरं वाटलं असतं, बाई."

मग पाणी मागितलं.

तर आता बोलते. हो बाबा, त्यानं मला मारलं होतं. तिला तर रोजच. काकू पागल नव्हती. आणि सोशिक तर मुळीच नव्हती.

चार वाजता नेणार आहेत. काका अंगणात खुर्चीवर बसून लोकांचं सांत्वन घेतो आहे. भेटायला याल तर त्याचा उजवा तळवा बघा. खूण अजून आहे. ती माझ्या काकूनं केली, माझ्यासाठी.

काकू, मी फार उशिरा बोलले. माफ नको करूस.

तुला शेवटचा नमस्कार.