ताईच्या गाडीचं जड स्टेअरिंग

गल्लीतले सगळे त्याला मीटर म्हणत. दुकानाच्या पाटीवर त्याचं खरं नाव होतं, पण उन्हाने ते इतकं उडालं होतं की वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. गळ्यात व्होल्टमीटर कायम लटकलेला, अगदी जेवतानासुद्धा. "झोपताना तरी काढत जा," बायको म्हणायची, "नाहीतर एक दिवस माझेच व्होल्ट मोजाल."

गाड्यांच्या वायरी पाहण्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती आणि त्यातून त्याचे दोन नियम पक्के झाले होते. पहिला, बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. दुसरा, कुठलीही गाडी दारात आली की आधी तिला चार्जर जोडायचा. तरुणपणी एकदा तपासणी चालू असतानाच एका गिऱ्हाइकाच्या गाडीची बॅटरी बसली आणि तिचा कॉम्प्युटर कायमचा गेला. सगळी गल्ली महिनाभर हसत होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा गडी तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पीत होता. लाल चिमटा बॅटरीला, काळा चिमटा गाडीच्या पत्र्याला, आणि मगच गिऱ्हाइकाला "बोला".

अशा माणसाच्या नाकी नऊ आणले ते सख्ख्या थोरल्या बहिणीच्या गाडीने.

गाडी स्पोर्ट्स कार, लाल, दोनच माणसांची आणि इतकी ठेंगणी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखंच. भाऊजींनी हौसेने घेतलेली. भाऊजी गेल्यावर मुलाने ती विकायची म्हटलं, तेव्हा ताईने किल्ली पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः चालवत लायब्ररीत गेली. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. मग रोज संध्याकाळी लायब्ररी, जाऊन-येऊन दहा मिनिटांचा रस्ता. घरी सून, नातवंडं, टीव्ही सगळं होतं, पण ही दहा मिनिटं फक्त तिची होती.

"पार्क करताना मध्येच स्टेअरिंग दगड होतं," तिने पहिल्यांदा सांगितलं. "समोर लाल दिवा लागतो. बंद करून चालू केली की पुन्हा लोणी."

आता हे स्टेअरिंग विजेचं. हाताला मदत म्हणून आत एक मोटर असते; ती रुसली की सगळा भार माणसावर. मीटरने चार्जर लावला, स्कॅनर लावला. त्यात "व्होल्टेज कमी" अशी एक जुनी नोंद सापडली. कमी चालणाऱ्या गाडीत ती सापडायचीच, म्हणून त्याने ती पुसून टाकली. मग इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनशे वेळा फिरवलं. ढिम्म काही झालं नाही.

गाडी दुसऱ्यांदा आली, तेव्हा एकेक जोड उघडून पाहिला. तिसऱ्यांदा घरून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून मोटर तापवली, लाकडी हातोडीने ठोकली, भर दुपारी मोकळ्या रस्त्यावर नेऊन पळवली. दुकानात गाडी इतकी शहाण्यासारखी वागायची की त्याचं टाळकं सटकायचं. आणि तिकडे ताईच्या घरी पोचली की आठवड्याच्या आत फोन, "धाकट्या, आज परत झालं." त्याला रात्री झोप लागेना. जेवताना तो ताट या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवत बसायचा. बायकोने ताट धरून ठेवलं तेव्हा तो तिच्यावरच ओरडला, आणि मग त्याचीच त्याला लाज वाटली.

चौथ्यांदाही काही सापडलं नाही, तेव्हा वैतागाच्या भरात त्याने भाच्याला फोन केला. "गाडीत काही नाही रे. तुझ्या आईच्या हातात आता जोर राहिला नाही, बाकी काही नाही."

बोलून टाकलं आणि जरा हलकं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण तेव्हा त्याला ते दिसलं नाही. भाचा वाईट नव्हता, फक्त आईच्या काळजीने घाबरट झाला होता. त्याने तीन दिवसांत गिऱ्हाईक पाहिलं. सौदा उद्या सकाळी, किल्ली आज संध्याकाळी साडेसहाला तो घेऊन जाणार.

पाच वाजता ताई गाडी घेऊन दुकानात हजर. नेहमीसारखा चार्जर लागला. ती गाडीतच बसून राहिली.

"माझ्या हातात जोर नाही म्हणालास?"

मीटरने मान खाली घातली. "ताई, चार वेळा पाहिलं मी. मला दिसलं नाही तर मी काय करू?"

"तुला दिसलं नाही म्हणजे झालंच नाही?"

त्याने पुन्हा एकदा सगळ्या वायरी हलवल्या. सहा वाजून गेले. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हातातला पाना भिंतीवर फेकावा असं वाटत होतं. तेवढ्यात शेजारचा पंक्चरवाला आला. "मीटर, चार्जर दे ना पाच मिनिटं. गिऱ्हाइकाची गाडी चालू होत नाही."

"ने! ने बाबा, इथे तरी काय उपयोग आहे त्याचा!" म्हणत त्याने चिमटे ओढून काढले. "ताई, गाडी मागे घे. कोपऱ्यात लाव. संपला विषय."

अंधारून आलं होतं म्हणून ताईने हेडलाइट लावले. आत पंखा चालूच होता. ती हळूहळू मागे आली, चाक वळवायला लागली आणि अर्ध्यात थांबली.

"वळव की," तो ओरडला. "ताई, जोर लाव ना!"

ती दोन्ही हातांनी ओढत राहिली. तो तणतणत गेला, खिडकीतून आत हात घालून त्याने स्वतः स्टेअरिंग धरलं. दगड. समोर लाल दिवा जळत होता.

या गाडीची बॅटरी मागे डिकीत होती. डिकीतला गालिचा उचलून त्याने गळ्यातल्या व्होल्टमीटरची एक सळई बॅटरीच्या काळ्या खुंटीवर टेकवली, दुसरी पत्र्यावर. आकडा शून्याजवळ हवा होता. ताईने चाक ओढलं की तो दोनच्या वर उडी मारत होता. बॅटरी पत्र्याला जोडणारी जाड पट्टी त्याने सोडवली. बोल्टखाली सगळा गंज. दिवे, पंखा आणि स्टेअरिंग एकदम लागले की बॅटरीची ताकद गंजातच अडकायची. आणि त्याच्या चार्जरचा काळा चिमटा गंज टाळून थेट पत्र्यावर बसून वरून ताकद पुरवत होता. चार वेळा त्याने स्वतःच्या हाताने दुखणं झाकलं होतं आणि मग विचारलं होतं, कुठे दुखतंय?

गंज घासून त्याने बोल्ट आवळला. स्टेअरिंग लोणी.

"ताई, तुझं बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याला सांग."

भाचा दारात उभा होता. मीटरने सगळं सांगितलं, गंज दाखवला, स्वतःची चूकही सांगितली. भाच्याने ऐकून घेतलं, आत वाकून चाक एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवलं. मग मामाला बाजूला नेऊन हळूच म्हणाला, "मामा, तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय ना? चांगलं केलंत. पण मला तर काहीच दिसत नाही. सौदा होऊ दे."

मीटर त्याच्याकडे पाहत राहिला. इतके दिवस ताईला काय वाटलं असेल ते त्याला त्या एका वाक्यात कळलं.

त्याने पाना उचलला. आत्ताच आवळलेला बोल्ट उघडला, घासलेल्या जागेवर चिमूटभर गंज परत पसरला आणि पट्टी ढिलीच बसवली. "ताई, उतर जरा," तो म्हणाला. "तू बस रे आत. हेडलाइट लाव. पंखा लाव. आता वळव."

भाच्याने चाक वळवायला घेतलं. अर्ध्यात हात थांबले, लाल दिवा लागला. त्याने दात आवळून ओढलं, पण चाक जेमतेम बोटभर सरकलं.

ताईने पर्स खांद्याला लावली आणि खिडकीशी वाकली.

"जोर लाव ना," ती म्हणाली.