अलगद ठेवणारे काका

आमच्या पेणच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात काका मूर्ती हलवायचं काम करत. साठी उलटलेली. चहाचा कप ठेवला तरी आवाज होत नसे. मी सायकल भिंतीवर आपटली की ओरडत, "आधी ठेवायला शिक!"

"आता मोठ्या मूर्ती पोरं उचलतील," असं मालक म्हणाला, त्याच आठवड्यात काकांनी रोह्याच्या वेटलिफ्टिंग स्पर्धेत नाव दिलं. मी सोबत गेलो. टेबलावरचा माणूस म्हणाला, "काका, प्रेक्षक तिकडे."

"माझंच नाव हाय. बघा नीट."

पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. तिसरीही गेली असती तर बाद. तिसऱ्यांदा बार डोक्यावर गेला. हात सरळ राहिले. पंचांनी बार खाली घ्यायची खूण केली. बाकीचे या वेळी बार धाडकन सोडून देत होते. पोरं ओरडली, "काका, टाका!"

त्यांनी तो छातीशी घेतला, मग मांडीशी, आणि गणपती पाटावर बसवावा तसा जमिनीवर ठेवला.

नंबर शेवटचा आला. परतताना मी म्हटलं, "टाकला असता तरी चाललं असतं."

ते माझ्यावरच उखडले. "टाकायचाच व्हता, तर उचलला कशाला?"