डोळे राहिलेले गणपती

रंगाचा डबा उघडला, की त्या वासासरशी मला मुंबईचं म्युझियम आठवतं. मी लहान असताना एकदा हमरापूरच्या आमच्या कारखान्यात गणपती रंगून तयार होते, फक्त डोळ्यांची आखणी राहिली होती, आणि नेमकं तेव्हाच आईने हट्टाने सगळ्यांना मुंबई बघायला काढलं. वडिलांचं चित्त कशातच नव्हतं. गेटवेला समुद्राकडे पाठ करून ते आभाळच बघत होते. "ढग आलेत गो, रंग सुकायचा नाय," सारखे आईला सांगत होते. म्युझियममध्ये एका जुन्या दगडी गणपतीसमोर थांबले आणि सवयीने बोट उलटं करून त्याच्या पोटाला लावलं. रखवालदार ओरडला, लोक वळून बघायला लागले. "आवो, दगड हाय तो!" आई कळवळली. "रंग वला हाय का बघत होतो," वडील पुटपुटले, "याचे पन डोळे राहिलेत." आईने पिशवी उचलली. "चला घरी." राणीची बाग राहिली ती राहिलीच. काल माझ्या लेकीने विचारलं, "आई, मुंबईला कधी जायचं?" हातातला ब्रश न थांबवता मी म्हटलं, "डोळे झाले की." कोपऱ्यात बसलेली माझी आई नुसती माझ्याकडे बघत राहिली.