पारोळ्याच्या नानांनी आणलेली बाटली

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. चौथीच शिकले, सांभाळून घ्या. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

जळगावला एका तपासणीच्या लॅबमध्ये मी लादी आणि टेबलं पुसते. बोलते कमी. लोक म्हणतात, गरीब स्वभावाची आहे. तसं आहे का?

पारोळ्याहून एक नाना आले. बायकोच्या गुडघ्यामागे गाठ होती. तिचा तुकडा औषधाच्या बाटलीत घालून दवाखान्याने त्यांच्याच हाती दिलेला. डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं — अंगात कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं असतात, स्नायूत वेगळी, मेंदूत वेगळी. एक नसेच्या आवरणात सापडतं. तपासणीत तुकड्यात त्याचा रंग उमटला तर गाठ नसेची, बहुतेक साधी. पण तुकडा औषधातच राहायला हवा, नाहीतर सडतो. हे मीही ऐकलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

त्याच दिवशी, शनिवारी, टेबल पुसताना माझा धक्का लागला. औषध सांडलं, तुकडा आत राहिला. दुसरं औषध कुलपात. किल्ली मागायची तर सांगावं लागणार — मी बाटली नळाखाली धरली. दिसायला सारखंच ना?

रविवारी लॅब बंद. सोमवारी डॉक्टरबाईंनी झाकण उघडलं, तर घाण वास.

त्यांनी नवरा-बायको दोघांना बोलावून विचारलं, "नाना, वाटेत सांडलं का? पाणी भरलंत का?"

"नही ओ ताई, मी तं मांडीवरच धरी बसनू व्हतू."

"तुमले काय याद ऱ्हास?" बायको कडाडली. "चष्मा कपायवर अन् घरभर शोधतस! आते मना पाय परत कापतीन."

नानांचा हात कपाळाकडे गेला. मग हळूच म्हणाले, "व्हई... मना हातथीनच व्हयनं व्हई."

मी तिथेच होते. फडका पिळत.

गुडघ्यामागे कापून पुन्हा तुकडा काढला. रंग उमटला, गाठ साधी निघाली. पण या खेपेला नस दुखावली. आता तिचं पाऊल उचलत नाही, घासत जातं.

रिपोर्ट घेऊन निघताना दारात तिची चप्पल निसटली. नानांनी वाकून ती पायात घातली. मी दार धरून उभी. ओशाळून माझ्याकडे बघत म्हणाले, "मनीच चूक शे, बाई."

मी म्हटलं, "सावकाश जा, नाना. पुढे पायरी आहे."