मामांची खोली आणि एक वीट

फोटो आधी आला, बातमी नंतर. माझं नांदेडला फोटो फ्रेम करून देण्याचं छोटं दुकान आहे. त्या दिवशी सकाळी शटर वर करून काचा पुसत होतो, तेवढ्यात मोबाइलवर दिगंबर सोनकांबळे मामांचा फोटो आला. खाकी गणवेश, छातीवर नावाची पट्टी, ओठ घट्ट मिटलेले. पण डोळ्यांत मात्र आता हा माणूस काहीतरी चेष्टा करणार, असा भाव. त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, अहमदपूरहून पाठवला होता. मला वाटलं, निवृत्त लोकांचा सत्कार वगैरे असेल. मी उत्साहानं लिहिलं, 'झकास फोटो. फ्रेमला सोनेरी पट्टी लावू की तपकिरी?' थोड्या वेळानं तिचा फोन आला. "काका, पप्पा रात्री गेले..." मी काय बोललो ते आठवत नाही. सोनेरी पट्टीबद्दल माफी मागितली असणार. मी माफी मागण्यात कधी कमी पडत नाही.

मामा कोण, असं दुकानात पुष्कळांनी विचारलं. मामा जेलमध्ये हवालदार होते आणि मी तिथे कैदी होतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी औशाच्या अलीकडे, पहाटे, माझ्या पिकअपखाली एक मोटारसायकलवाला आला आणि जागीच गेला. मला डुलकी लागली होती. पोलिसांनी विचारायच्या आत मी सगळं कबूल केलं, आणि वकील जामिनाचे कागद घेऊन आला तेव्हा सही करायला नकार दिला. मला वाटायचं, जेवढे दिवस आत राहीन तेवढं थोडं. जेलचं नाव लिहीत नाही, कारण आतल्या कितीतरी जणांची घरं आता नीट लागली आहेत. मराठवाड्यातलंच होतं, एवढं पुरे.

पहिल्याच आठवड्यात मामांनी मला बराकीबाहेर बोलावलं. "जामीन नको म्हननारा तूच का रे? तीस वर्षं नोकरी करून राहिलो, असला मानूस पहिल्यांदा बघतोय." मग त्यांनी विचारलं, "खोलीत कोनत्या टायमाला येतोस?" मला कळेना. त्यांनी समजावलं. आवारात एक जुनी खोली होती, पूर्वी तिथे सतरंज्यांचं सूत रंगवायचे. आता तीच सगळ्यांची प्रार्थनेची जागा होती. शनिवार सोडून रोज सकाळी दोन सरदारजी ट्रकचालक पाठ म्हणायचे, गुरुवारी संध्याकाळी भजन, शुक्रवारी दुपारी नमाज, शनिवारी सकाळी मारुतीची आरती, रविवारी आधी दोन-तीन ख्रिस्ती भावांची प्रार्थना आणि मग बुद्धवंदना. किल्ली मामांकडे. मी म्हणालो, "मी कोणत्याच वेळेला येत नाही. मला तोंडच नाही कुठल्या देवापुढे जायला." मामांचा चेहरा एकदम खुलला. "लई चांगलं! म्हंजे तू कोनाचाच न्हाईस. मला असाच मानूस पाहिजे होता. झाडू घे."

अशी माझी नेमणूक झाली. त्या खोलीतलं खरं भांडण एका भिंतीचं होतं. देव पूर्वेकडे तोंड करून बसवायचे तर ते पश्चिमेच्या भिंतीला टेकणार, आणि नमाज पढणाऱ्यांना नेमकी पश्चिमेचीच भिंत मोकळी हवी, समोर चित्र नको. पूर्वी यावरून दोनदा डोकी फुटली होती. मामांनी जेलच्या दवाखान्यातली एक मोडकी ढकलगाडी मिळवली, तिच्यावर फळी ठोकली, देवांच्या तसबिरी तिच्यावर मांडल्या आणि पुढून पडदा लावला. गुरुवारी गाडी भिंतीशी, भजन झालं की कोपऱ्यात. चाकाखाली एक वीट, म्हणजे गाडी हलायची नाही. आणि झाडण्याचा एक रिवाज घातला : आपला कचरा आपण काढायचा, असं नाही, पुढच्याला जागा कशी लागते ते बघून त्याच्यासाठी झाडायचं. भजनवाले गुलाल पुसून, फरशी धुऊन चटया अंथरून ठेवायचे. नमाजवाले जाताना चटया गुंडाळून आरतीच्या तबकाची जागा पुसून जायचे. मी फक्त मागून खराटा फिरवायचो. मामा म्हणायचे, "स्वतःच्या देवासाठी कोनबी झाडतंय रे. त्यात काय कौतुक?"

हे सगळं सुरळीत बसायला वेळ लागला. भजन-आरतीच्या मंडळींचे पुढारी माणिक पाटील, कंधारकडचे, आवाज असा की बाहेर रस्त्यावरची म्हैस थबकावी. गाडी नवी होती तेव्हा पाटलांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की राग मानू नका, पण देवांच्या गाडीला तुम्ही हात न लावलेला बरा. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मामांनीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. मामा म्हणाले, "बरं हाय पाटील. न्हाई लावत. तुम्हीच ढकला." आता त्या गाडीचं एक चाक जाम होतं, दुसरं मनाला येईल तिकडे वळायचं. पाटील दर गुरुवारी घामाघूम होऊन ती लोटायचे आणि मामा दारात हात मागे बांधून सूचना करायचे, "डावीकडं घ्या... अहो डावीकडं... मारुतीराया पडतोय, सांभाळा!" तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी पाटलांनी कमरेवर हात ठेवला आणि ओरडले, "मामा, बघता काय नुसते? लावा की जरा हात!" मामा शांतपणे म्हणाले, "चालंल का?" पाटील म्हणाले, "अहो लावा!" त्यानंतर हा विषय कधी निघाला नाही. मला मात्र मामांच्या पाठीकडे बघून कळलं होतं, की ते हसत होते, आणि ते नुसतं हसणं नव्हतं.

कुणी टोमणा मारायचा, "मामा, तुमचा तर देवावर विश्वास न्हाई." मामांचं उत्तर ठरलेलं, "म्हनून तर किल्ली मला दिली." रविवारी वंदनेला ते बसत नसत, ड्युटीवर असायचे. टोपी काढून काखेत धरून मागे दाराशी उभे राहत आणि ओठांतल्या ओठांत म्हणत.

आमच्या अधीक्षकांना ही खोली मुळीच पसंत नव्हती. माणूस वाईट नव्हता, पण भांडणाला भ्यायचा. त्यांनी सर्वांदेखत बजावलं होतं, की या खोलीवरून एक तक्रार आली की कुलूप, आणि तिथे धान्याची कोठी होणार. मामांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्यांना एकच घोर होता : आपण जाईपर्यंत ही खोली इतकी अंगवळणी पडावी, की नंतर बंद करायचं कुणाच्या मनातही येऊ नये.

आणि चैत्रातल्या एका शनिवारी ते झालंच. सकाळी पाटील आरतीला आले, मामांनी कुलूप काढलं, आणि आत गाडी भिंतीकडे तोंड करून उभी. सगळ्या देवांची तोंडं भिंतीला. पाटलांचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत गेला. आदल्या दिवशी दुपारी शेवटी खोलीत होते नमाजवाले. बघता बघता दोन्हीकडची माणसं समोरासमोर उभी राहिली. नमाजवाल्यांमधले वडीलधारे वाहेदचाचा, उदगीरचे, शपथा घेऊन सांगत होते, "अरे हम हाथ बी नई लगाए!" तेवढ्यात अधीक्षक आले. "कोणी केलं हे? नाव सांगा, नाहीतर आत्ता कुलूप लावतो."

मी पुढे झालो. म्हणालो, "साहेब, मी केलं. झाडताना फिरवली." मला ते अगदी सोपं गेलं. मी कुणाचाच नव्हतो, म्हणजे भांडणच मिटलं. शिक्षा मला हवीच होती. अधीक्षकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि शिपायाला खूण केली. तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, ह्याचं काय ऐकू नका. हा कशालाबी हो म्हनतो. मागं भाजीत मीठ जास्त झालं तवा बी ह्यानं कबूल केलं. स्वयंपाकघरात ह्याचं काय काम बी न्हाई!" लोक हसले. मामा हसले नाहीत. त्यांची नजर दाराशी गेली होती. दाराला टेकून वीट पडली होती. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला... मग टोपी नीट करून ते म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय. काल नमाजाच्या वक्ताला वाऱ्यानं दार आपटत होतं. मी गाडीखालची वीट काढून दाराला लावली. परत लावायची ऱ्हायली. फरशीला दाराजवळच्या मोरीकडं उतार हाय. गाडी आपली आपन फिरली."

"गाडी आपोआप भिंतीकडे तोंड करते?" अधीक्षक म्हणाले. "सोनकांबळे, निवृत्तीच्या तोंडावर मला मेमो द्यायला लावू नका."

"दावतो," मामा म्हणाले.

गाडी पुन्हा कोपऱ्यात लावली. सरळ, पूर्वेकडे तोंड, पडदा ओढलेला, खाली वीट नाही. मामांनी सगळ्यांना भिंतीला उभं केलं. "आता कोनी शिंकायचं बी न्हाई." आम्ही बघत राहिलो. गाडी ढिम्म. पाटलांनी खाकरून घेतलं. अधीक्षकांनी घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं. मामांच्या कपाळावर घाम आला होता. त्या खोलीत तेव्हा पाच धर्मांची माणसं होती, आणि सगळी एकच गोष्ट मागत होती : हल, बाई, हल! अधीक्षक जायला वळले आणि खिडकीतून उन्हाळी वाऱ्याचा एक झोत आला. पडदा शिडासारखा फुगला. कुर्रर्र... झालं. मोकळं चाक वळलं, गाडीनं हळूच गिरकी घेतली, देवांनी भिंतीकडे तोंड केलं आणि तसेच पाठमोरे उताराला लागून दाराकडे निघाले. मग वाहेदचाचा म्हणाले, "साब, इनकी जमानत हो गई दिसतै. सीधे गेट कू निकले!" पाटील पहिल्यांदा हसले. त्या आवाजात हसले, म्हणजे बघा. अधीक्षक तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. खोलीला कुलूप लागलं नाही. गाडीला मात्र दुसरी वीट मिळाली, ती वाहेदचाचांनी स्वतः आणून लावली.

मामांनी मला नंतर तिथेच थांबवलं. रागावले होते. "तू कामून पुढं आलास? खोली वाचवाया? खोट्याच्या टेकूवर उभी ऱ्हायली असती तर मला दर शुक्रवारी वाहेदचाचाच्या तोंडाकडं बघता आलं नसतं. त्यांच्यावरला आळ तसाच ऱ्हायला असता न्हवं?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघ. गुन्हा जेवढा हाय तेवढाच कबूल करावा. कमी केला तर चोरी. जास्त केला तर ती बी एक हाव हाय. मी वीट काढली, लावायची इसरलो. एवढंच माझं. वारं माझं न्हाई, उतार माझा न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "झोप येत होती, तरी गाडी थांबवली न्हाईस. एवढं तुझं. ते लई मोठं हाय, कमी न्हाई. पन तेवढंच." मी पुढच्या आठवड्यात जामिनाच्या कागदावर सही केली. पुढे खटला चालला, शिक्षा झाली, तीही भोगली.

बाहेर आल्यावर मामांनीच मला औशाला पाठवलं, त्या मोटारसायकलवाल्याच्या घरी. जाताना सांगितलं, "झोप येत होती, तरी गाडी थांबवली न्हाई, एवढं सांग. आनि रडू नको. त्यांच्या दारात रडायचा हक त्यांचा." मी गेलो. त्या मुलाच्या आईनं उंबऱ्यातूनच ऐकून घेतलं. माफ केलं नाही. पाणी मात्र दिलं. अजून वर्षातून एकदा जातो, अजून तेवढंच होतं, आणि तेवढं बरोबर आहे असं मला वाटतं.

निवृत्तीनंतर मामा अहमदपूरहून एसटीनं नांदेडला यायचे, दुकानात बाकावर बसून गिऱ्हाइकांच्या तसबिरींची चेष्टा करायचे. दोन निराळ्या धर्मांच्या फ्रेमा शेजारी लावल्या की विचारायचे, "ह्यांचं जमतंय का रे?" खोली अजून चालू आहे, नव्या हवालदाराकडे किल्ली आहे, हे ते दरवेळी सांगत. दरवेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

फोटो घेऊन मी अहमदपूरला मामांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या शोकसभेला गेलो. मंडळी उठल्यावर आत मामींजवळ बसलो आणि माझं सुरू झालं. मामी, मी कृतघ्न माणूस आहे, मामांनी मला माणसात आणलं आणि मी त्यांच्यासाठी काही केलं नाही, ते लातूरला दवाखान्यात होते आणि मी दुकान धरून बसलो, मला कधी वेळच...

मामी सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "दवाखान्यात कितीदा आले होते तुम्ही?"

"दोनदा."

"आनि कवा न्हाई आले?"

"शेवटी. त्यांनी बोलावलं होतं. उद्या जाऊ म्हणालो."

"मंग तेवढं म्हना की."

बाहेर कुणीतरी खुर्च्या उचलून ठेवत होतं. मी म्हणालो, "शेवटी त्यांनी बोलावलं, आणि मी आलो नाही, मामी."

"व्हय," त्या म्हणाल्या, "न्हाई आले. त्यांनी वाट बघितली." डोळ्यांना पदर लावला. मग आत हाक मारली, "वैशाले, काकाला ताट वाढ गं. सकाळपासून उपाशी हाय."