सिद्धम्माचा अकरा महिन्यांचा नेम

...हां, मग आता सिद्धम्माचं लिही, प्रियू. बोळाच्या तोंडाशी नळाजवळ जिचं घर हाय बघ, ती. नवरा सिद्धलिंगप्पा गेला, लेक शिवू पुण्याला, मागं उरली ही एकटी आन् भाड्यानं द्यायची एक खोली. त्या खोलीत केराबाई. नव्या पेठेत कापडाच्या दुकानात झाडलोट करायची, तागे उचलायची. तिलाबी पुढंमागं कोण न्हाय. सिद्धम्माला अव्वा म्हणायची, म्हंजी आई. सकाळी "अव्वा, येते गं" म्हणून जायची, सांजच्याला येऊन पेठेतल्या गमती सांगायची. सिद्धम्माचा दिवस तेवढ्या दोन वेळचाच. मधी सगळं भिताडाशी बोलणं.

सिद्धलिंगप्पानं जाताना बजावलं व्हतं, "अकरा महिन्यांवर भाडेकरू ठिवू नको, खोली बळकावत्याल." सिद्धम्मानं ते शपथंगत पाळलं. अकरा महिने भरले की केराबाईनं भांडीकुंडी बाहेर काढायची, एक रात मोहोळला भावाकडं काढते म्हणून जायचं आन् उजाडल्यावर परत यायचं. मग सिद्धम्माच दूध उतू घालवायची, नवं बिऱ्हाड आल्यागत. सारा बोळ हसायचा.

"अव्वा, यंदाची भाडेकरीण कशी हाय गं?" केराबाई इचारायची.

"मागच्यापेक्षा वाळलीय," सिद्धम्मा म्हणायची.

यंदा केराबाईनं सरकारी घरकुलाला अर्ज केला. हापिसातनं सांगितलं, ही बाई भाड्यानं ऱ्हाती असा घरमालकाचा कागद आणा.

"यव्वा! आज कागद मागती, उद्या खोली मागशील!" सिद्धम्मा कडाडली.

केराबाई खोलीत गेली. दुसऱ्या दिशी "येते गं" बी म्हणली न्हाय. तिसऱ्या दिशीबी न्हाय.

सिद्धम्माला ऱ्हावंना. रिक्षा करून एकटीच हापिसात गेली. तितं रुपाली म्हणून पोरगी व्हती खुर्चीवर.

"आजी, भाडेकरू हाय असं लिहून दिलं म्हणून खोली कुणाच्या नावावर होत न्हाय. मालकी तुमचीच. उलट कागद असला तर तुमालाच बरं."

"आन् अकरा महिने?"

"अकरा महिन्यांनी कागद नवा करायचा, आजी! माणूस बाहेर न्हाय काढायचं!"

पोरगी हसून हसून लोळायची बाकी ऱ्हायली. सिद्धम्माला काय हसू आलं न्हाय. घरी आल्या आल्या तिनं इचारलं, "केरा, त्या राती तू मोहोळला भावाकडंच जायाचीस न्हवं?"

"भाऊ कवाच वारला की, अव्वा. ष्टँडवर बसायची मी. तितं बरी वर्दळ असती."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय? तुज्या गेलेल्या मालकाचा शब्द मोडला असतास तू?"

सिद्धम्मानं हापिसातनं आणलेला कागद म्होरं घेतला. खोली जाईल ह्ये भ्या त्या पोरीनं घालवलं, पण केरा जाईल, त्याला हापिसात कुटला इलाज? कागदावर अंगठा टेकवायच्या टायमाला हात तसाच वर ऱ्हायला.

"दाब की अव्वा, शाई वाळती."

दाबला.

केराबाईला घरकुल मिळालं, पार गावाबाहेर माळावर. दोन गाड्या बदलायच्या. पयलं पयलं यायची, मग तिचं काम, तिचं पाणी, जमंना झालं. शिवू फोनवर म्हणतो, "खोलीला कुलूप घाल, कटकट नको." सिद्धम्मा कुलूप घालत न्हाय. दार सताड उघडं टाकून म्होरं बसती, आतनं कोण हाक मारंल म्हणून.

तवा ह्ये वाचणाऱ्याला माझा निरोप लिही, प्रियू. एखादी गरीब बाई जागा हुडकताना दिसली की तिला सांगा म्हणावं, सिद्धम्माची खोली रिकामी हाय. घरकुलाला कागद लागला तर पयल्याच दिशी देती. फकस्त बाई बोलकी पाहिजे, एवढं तिला नक्की सांगा.